खांबेटेबाईंचा देशकार

सौ. सुनीती गोपाळकृष्ण खांबेटे, वय वर्षे बासष्ट, सेवानिवृत्त दूरध्वनी चालक, राहणार सह्यगंध सहकारी गृहरचना संस्था मर्यादित, वारजे, पुणे, यांच्यासंबंधी उपलब्ध माहिती येणेप्रमाणे. बांधा मध्यम. वर्ण गव्हाळ. चष्मे दोन, पैकी एक कायम हरवलेला. डाव्या कानाच्या वर केसांत एक बारीक खाच असून ती हेडफोनच्या पट्टीमुळे पडलेली आहे व निवृत्तीनंतरही भरून आलेली नाही. संपूर्ण सेवाकाळात एकही प्रतिकूल शेरा नाही. अनुकूलही नाही. पती हयात असून त्यांची संगीतविषयक मते ठाम आहेत. सदर महिलेचे संगीताचे शिक्षण निरंक. वाद्य निरंक. सार्वजनिक कार्यक्रमाचा पूर्वानुभव निरंक. सबब, त्यांच्याकडून संस्थेच्या दिवाळी पहाट कार्यक्रमास कोणताही धोका संभवत नाही.

शेवटचं वाक्य सोडलं तर हे सगळं खरं आहे.

बाई टेलिफोन खात्यात लागल्या तेव्हा पुण्याहून साताऱ्याला बोलायचं तर आधी ट्रंक कॉल बुक करावा लागे आणि मग फोनशेजारी खुर्ची टाकून बसावं लागे. पलीकडे एका लांबलचक बोर्डासमोर बाई आणि त्यांच्यासारख्या पुष्कळ जणी बसलेल्या असत. बोर्डाला ओळीने भोकं, प्रत्येक भोकाजवळ एक चिमुकला दिवा, आणि समोर कॉर्ड, म्हणजे टोकाला पितळी खुंटी असलेल्या वायरी. दिवा लागला की एक कॉर्ड इकडे खुपसायची, दुसरी तिकडे, "बोला" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. दिवा विझला की बोलणं संपलं. दोन्ही कॉर्ड काढून टाकायच्या. बाई म्हणत, हे काम शिकायला थोडे दिवस पुरतात, विसरायला मात्र नोकरी पुरत नाही.

बाजूला व्हायचं, हे महत्त्वाचं. जोडून दिलेलं बोलणं ऐकायचं नाही असा खात्याचा नियम होता. बाकीच्या ऐकत की नाही ते बाकीच्यांना माहीत. बाई ऐकत नसत. हे सासरी कोणालाच कधी पटलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नणंदेने त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "वहिनी, मंत्री फोनवर काय बोलतात हो?"

"हॅलो म्हणतात," बाई म्हणाल्या.

पुढे देशात उदारीकरण आलं. देशाची दारं उघडली, आणि त्यांतून जे सामान पहिल्यांदा बाहेर गेलं त्यात बाईंचा बोर्ड होता. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले. लोक स्वतःच नंबर फिरवून साताऱ्याशी बोलू लागले आणि बोलण्यासारखं फार काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाईंना तक्रार विभागात बसवलं. तिथे मात्र पूर्ण ऐकावं लागे. म्हणून त्यांना तो विभाग आवडला नाही.

"ट्रंकवर मी सगळ्यांची सुरुवात ऐकलीय," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "शेवटही ऐकलेत, वेळ संपली म्हणून मध्ये पडावं लागलं की. मधलं कुणाचंच ऐकलं नाही."

गोपाळकृष्ण खांबेटे बँकेतून निवृत्त झाले. संगीतातून झाले नाहीत. ते गात नाहीत, वाजवत नाहीत; ते ऐकतात. पुण्यात हा पूर्णवेळचा व्यवसाय आहे. पेठेतली जागा सोडून वारज्याला आल्यावर त्यांनी एकच तक्रार केली, की इथल्या लोकांना कोणाच्या गाण्यातल्या चुका काढायच्या हे नीट माहीत नाही.

तर एका रविवारी दुपारी खांबेट्यांच्या छतातून एक गंभीर घुमारा यायला लागला. तो वाढे, ओसरे, पुन्हा वाढे.

"वरच्यांची मोटर चालू राहिलीय," गोपाळकृष्ण डोळे मिटून म्हणाले. "टाकी वाहून चाललीय. खडकवासल्याचं धरण काय यांच्या एकट्यासाठी बांधलंय? जाऊन सांग जरा."

बाई वर गेल्या. दार उघडलं उत्तरेश्वर लोमटे याने. हा मूळचा केज तालुक्यातला, वय तिशीच्या थोडं पुढे, हडपसरला एका आयटी कंपनीत टेस्टर. पुण्याच्या एका टोकाला राहायचं आणि दुसऱ्या टोकाला नोकरी करायची, हा आयटीतला शिरस्ता तो निष्ठेने पाळत होता. दिवसभर तो दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत असे; सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या करायला त्याने एक छंद ठेवला होता.

"तुमची मोटर चालू राहिलीय," बाई म्हणाल्या.

"मोटर न्हाई काकू, म्युझिक आहे."

"असं का? मग त्याचा कॉक बंद करा. खाली झोपलेत."

"सॉरी काकू, लगेच करतो. ॲम्बियंट आहे ते. म्हणजे मी वाजवत नाही, ते आपलं आपणच—"

पण बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. टेबलावरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर करड्या डब्यांची एक रांग होती. प्रत्येक डब्याला बटणं, दिवे आणि भोकं. आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या वायरी, अगदी खऱ्यासारख्या, मध्ये थोड्या लोंबणाऱ्या.

"हा बोर्ड कुठल्या एक्स्चेंजचा?" बाईंनी विचारलं.

उत्तरेश्वर काही बोलायच्या आत पडद्यावरचा एक दिवा विझला. बाईंनी पुढे होऊन माउस धरला आणि वायर उपटली. खोलीतला घुमारा थांबला.

"अवो काकू!"

"बोलणं संपलं होतं," बाई म्हणाल्या.

गोपाळकृष्ण चहाची वेळ टळल्यावर बायकोला शोधत वर आले, तेव्हा ती घरमालकिणीसारखी खुर्चीवर बसली होती आणि उत्तरेश्वर पाहुण्यासारखा पलंगाच्या कडेवर. घुमारा पुन्हा चालू होता.

"बंद करायला पाठवलं होतं तुला."

"अहो, थांबा जरा. लाइन लागतेय."

उत्तरेश्वरने दोघांना समजावून सांगितलं ते असं. पूर्वी असे स्वर काढणारे खरेखुरे डबे असत, अजूनही असतात, पण त्यांच्या किमतीत हडपसरला पार्किंग येईल. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. यात एक डबा स्वर काढतो, दुसरा तो स्वर घासूनपुसून मऊ करतो, तिसरा घड्याळासारखे ठोके देतो, आणि एक फासे टाकतो: आता कोणता स्वर, लांब की आखूड, की गप्प बसायचं. आपण फक्त वायरी जोडायच्या. जोडणी जमली की ते स्वतःच वाजत राहतं आणि जे एकदा वाजलं ते पुन्हा तसंच कधी वाजत नाही.

"म्हणजे तालीम होऊ शकत नाही," गोपाळकृष्ण म्हणाले.

"नाही काका."

"मग आजकालच्या बऱ्याच गायकांसारखंच आहे की."

संध्याकाळपर्यंत ते सॉफ्टवेअर खांबेट्यांच्या लॅपटॉपवर होतं. त्या लॅपटॉपवर आतापर्यंत पेन्शन आणि हवामान एवढंच पाहिलं जाई, आणि दोन्हींत फारसा बदल नसे.

बाईंनी जोडणी सुरू केली. डब्यांची इंग्रजी नावं त्यांना पसंत पडली नाहीत. त्यांनी आपल्या लाइनींची ठेवली. खालचा घुमणारा स्वर म्हणजे सोलापूर, कारण सोलापूरची लाइन कायम घुमायची. मधला, बडबड्या, सातारा. लांबून घंटेसारखा टण्‌कन येणारा, ते महाबळेश्वर. आणि शेवटी सगळ्यांना विहिरीत सोडल्यासारखं करणारा जो डबा, ती मुंबई. मुंबई लागली की आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा.

पण बोर्डावरच्या सवयी बाईंच्या आधी पडद्यासमोर जाऊन बसल्या होत्या. या सॉफ्टवेअरमध्ये बाहेर पडणाऱ्या एका भोकातून हव्या तितक्या वायरी काढता येतात. बाई एकच काढत.

"काकू, घड्याळाची एक वायर फाशांना दिली ना, तशीच दुसरी महाबळेश्वरला पण द्या," पुढच्या रविवारी उत्तरेश्वर म्हणाला.

"एका जॅकमधून दोन? क्रॉस कनेक्शन होईल! मेमो मिळेल."

"कोण देणार मेमो?"

बाईंनी यावर खरोखर विचार केला. पर्यवेक्षक बाई केव्हाच वारल्या होत्या. खात्याचं तर नावही बदललं होतं. त्यांनी दबकत दुसरी वायर काढली आणि महाबळेश्वरला जोडली. काही झालं नाही. म्हणजे झालं ते एवढंच, की सातारा बोलता बोलता थबकला आणि महाबळेश्वराने वरून एक टोला दिला. बाई मोठ्याने हसल्या आणि लगेच तिसरी वायर काढली, मग चौथी. त्या दुपारी त्यांनी जेवढी क्रॉस कनेक्शन केली तेवढ्यांसाठी पूर्वी सबंध एक्स्चेंज निलंबित झालं असतं.

दुसरी सवय मात्र हटेना. फासे कधी कधी सगळ्यांना एकदमच गप्प बसवत. दिवे विझत, आणि बाईंचा हात आपोआप पुढे होऊन वायर काढून टाकी. डोकं मध्ये येतच नसे. उत्तरेश्वर संध्याकाळी हडपसरहून वाहतुकीत शिजून परत येई आणि खाली डोकावे, तर सकाळपर्यंत गुंतलेला सगळा बोर्ड धुऊन पुसून मोकळा.

"काकू, सेव्ह तरी केलं का?"

"सेव्ह कशाला? ड्युटी संपली. पुढच्या पाळीला बोर्ड साफ करून द्यायचा असतो."

"पुढच्या पाळीला कोण आहे पण?"

"मीच. पण म्हणून काय घाण ठेवायची?"

सेव्ह करायचं त्यांनी शिकून घेतलं. हात मात्र ऐकेना. "ते गप्प बसले तर काढायचं नाही, काकू," उत्तरेश्वर काकुळतीने म्हणे. "थोड्या वेळाने परत बोलत्यात."

"किती वेळाने?"

"ते त्यांनाच माहीत नसतं. तीच तर मजा आहे."

"तुला मजा आहे. मला घाम फुटतो."

आणि तरीही बाईंना नेमकं तेच हवं होतं. आपण जोडलेलं एखादं बोलणं एकदा तरी, मध्ये न तोडता, बसून ऐकायचं. ते मधलं काय असतं ते बघायचं. एकटीने हे जमत नव्हतं. चार लोकांत बसलं तर हात लाजेल, असा त्यांचा हिशेब होता.

संधी आली ती पुण्याच्या एका नैसर्गिक टंचाईमुळे. दिवाळीच्या आठवड्यात या शहरात गायकांपेक्षा पहाटा जास्त असतात. सह्यगंधने ठरवलेल्या गायिकेला कोथरूडची एक मोठी पहाट मिळाली आणि वारज्याची उजाडायच्या आधीच मावळली. सांस्कृतिक समितीची तातडीची सभा भरली. अध्यक्ष आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चिटणीस सत्यशीलाबाई शाळेतून. समितीचा एक ठराव फार कडक होता: कार्यक्रमात रेकॉर्ड केलेलं काही वाजवायचं नाही. एका वर्षी एका गायकाला खोकला आला तरी गाणं चालूच राहिलं होतं, तेव्हापासूनचा हा ठराव.

सभेत बाईंच्या बाजूने उत्तरेश्वर बोलला.

"वाद्य कोणतं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"वाजवणार कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे रेकॉर्डेड. नामंजूर."

"रेकॉर्डेड नाही मॅडम. ते त्याच वेळी तयार होणार. काय होणार ते आम्हालाही माहीत नाही."

"माझी तेहतीस वर्षं सरकारी नोकरी झाली," आप्पासाहेब म्हणाले, "काय होणार हे माहीत नसताना मंजुरी दिलेली मला चांगलीच माहितीय. पण धरणाचा दरवाजासुद्धा कोणीतरी फिरवल्याशिवाय उघडत नाही हो."

शेवटी तोडगा निघाला, की कलाकार रंगमंचावर प्रत्यक्ष बसलेला असावा. त्याने काही केलं नाही तरी चालेल. सत्यशीलाबाईंनी पेन उघडलं. "राग कोणता लिहू?"

उत्तरेश्वरने गोपाळकृष्णांकडे पाहिलं. ते केवळ बायकोची फजिती जवळून पाहता यावी म्हणून आले होते, असं त्यांनी स्वतःच आधी सांगितलं होतं.

"पाच स्वर आहेत," ते नाइलाजाने म्हणाले. "भूपाचे आहेत. भूपाला अजून सांगितलेलं नाही."

सभेत एकदम जीव आला. "सकाळी भूप?" आप्पासाहेब म्हणाले. "भूप रात्रीचा!"

"लोक उठून जातील," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "निदान मी तरी जाईन."

"मग देशकार लिहा," गोपाळकृष्ण म्हणाले. "स्वर तेच, वेळ सकाळची."

सत्यशीलाबाईंनी देशकार लिहिलं. पण घरी येताना जिन्यात गोपाळकृष्णांचा पाय जड झाला. आपण एका सभेपुढे देशकार म्हणालो आहोत, आणि त्या डब्यांत देशकार नाही, हे त्यांना सहन होईना. भूपात गंधार मिरवतो. देशकारात राज्य धैवताचं. नुसते स्वर सारखे असून भागत नाही. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी चप्पल न काढता उत्तरेश्वरला विचारलं, "तुमच्या त्या फाशांत धैवत जास्त वेळा पडेल असं करता येतं का?"

"येतं की काका. प्रोबॅबिलिटी वाढवायची."

"वाढवा. आणि गंधाराला जरा मागे बसवा. अजून. अजून मागे. हं. हा गंधार कुठे निघालाय एकटा? त्याला पंचमाबरोबर पाठवा."

"अहो, ही मोटर आहे ना?" बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मोटर असली तरी सकाळची वाटली पाहिजे," गोपाळकृष्ण म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यानंतरचे कित्येक दिवस ते तिथून उठले ते जेवायला आणि महाबळेश्वर फार बोलतं अशी तक्रार करायला. जुगाराला त्यांचा जन्मभर विरोध होता. आता ते फासे खोटे करायला शिकले आणि त्यात त्यांना भलतीच गती निघाली.

दिवाळी तोंडावर आली तसा उत्तरेश्वर गावी निघाला. सणाला पुण्यातून पुण्याबाहेरचे लोक गेले की शहर आपल्या मूळ आकारात येतं आणि उरलेले लोक एकमेकांकडे संशयाने पाहतात. दारात पाठीला सॅक लावून तो म्हणाला, "काकू, सगळं सेव्ह आहे. उघडायचं आन्‌ सोडून द्यायचं. फक्त—"

"माहितीय."

"हात लावू नका."

"माहितीय रे बाबा. मी काय मुद्दाम लावते?"

आदल्या दिवशीच्या चाचणीत फाशांनी दोनदा सगळ्यांना गप्प बसवलं आणि दोन्ही वेळा बाईंनी वायर काढली. दुसऱ्या खेपेला त्यांचे डोळे भरून आले. "मी नाही बसत स्टेजवर. तुम्ही बसा. तुमचा धैवत आहे."

"माझा धैवत असेल, पण लाइन तू लावलीयस." गोपाळकृष्ण उठले, देवघरातून कापसाची पिशवी घेऊन आले आणि त्यांनी ती बायकोच्या मांडीवर ठेवली. "वाती वळ. दिवाळी आहे, लागतीलच. रिकामा हात बोर्डावर जातो. मी बँकेत कॅशला होतो, मला कळतं."

पहाटे पार्किंगमधल्या गाड्या हलवून तिथे सतरंज्या टाकल्या होत्या. उटण्याचा, अत्तराचा आणि नव्या कपड्यांच्या घडीचा वास होता. चकली आधी की कार्यक्रम आधी यावर शेवटपर्यंत दोन मतं राहिली. छोट्या व्यासपीठावर बाई बसल्या. पुढ्यात पाटावर लॅपटॉप, शेजारी दोन स्पीकर, मांडीवर कापूस. सत्यशीलाबाईंनी राग देशकार असं जाहीर केलं आणि वाद्याचं नाव सफाईने गाळलं.

बाईंनी बटण दाबलं आणि पहिली वात वळायला घेतली.

सोलापूर घुमू लागलं. मग सातारा उतरला, धैवतावर थांबला, पंचमाकडे डोकावून परत धैवतावर आला. मुंबईने त्याला आपल्या विहिरीत घेतलं. श्रोते समजुतीने माना हलवू लागले. वारज्यात तेवढी संगीताची जाण आहे: तानपुरे लावले जात आहेत, हे सगळ्यांना कळलं.

तानपुरे बराच वेळ लागत राहिले.

"छान लागलेत," एक गृहस्थ शेजारच्यांना म्हणाले. "आता सुरू करायला हरकत नाही."

"गायिका आली नाहीये ना अजून," शेजारचे म्हणाले.

"मग तोवर ह्या काय करतायत?"

"वाती."

पण कोणी उठलं नाही. वाट बघण्यात लोकांचा एक चांगला भाग बाहेर येतो. ते गप्प बसतात. समोरच्या टेकडीमागे उजेड यायला लागला होता. कोणाचं तरी लहान बाळ रडायचं थांबून महाबळेश्वराच्या टोल्याची वाट पाहू लागलं, आणि टोला आला की हसू लागलं. मग त्याच्या आजूबाजूचेही टोल्याची वाट पाहू लागले. हायवेवरून एक ट्रक हॉर्न देत गेला; तो नेमका षड्जात होता, असं गोपाळकृष्ण आजही सांगतात. बाई वाती वळत होत्या. पाच, दहा, ढीग. त्या ऐकत होत्या. सातारा मघाशी काय बोलला आणि आता त्याला सोलापूर काय म्हणतंय, हे बाजूला न होता, हेडफोन न काढता, नोकरी जायच्या भीतीशिवाय ऐकत होत्या.

आणि मग फाशांनी सगळ्यांना गप्प बसवलं.

मुंबईची विहीरही हळूहळू रिकामी झाली. पडद्यावरचे दिवे एकामागून एक विझले. बाईंचा उजवा हात मांडीवरून उठला. बोटांना कापूस चिकटला होता. पुढच्या रांगेत बसलेल्या गोपाळकृष्णांनी तो हात पाहिला आणि जागच्या जागी ताठ झाले. हात पाटापर्यंत गेला. माउसवर टेकला. बोटांतल्या कापसाचा एक धागा माउसला चिकटून हवेत हलत राहिला.

शांतता लांबली. कोणीतरी चाचपडत टाळी वाजवली. तेवढं आप्पासाहेबांना पुरलं. ते आभार मानायला उठले, माइककडे आले आणि खाकरले. त्यांच्या मागे लोकही गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले.

"लाइन चालू आहे," बाई म्हणाल्या. "होल्ड करा."

हा आवाज सह्यगंधमध्ये कोणी ऐकला नव्हता. गोपाळकृष्णांनीही नाही, घरी त्या असं बोलत नसत. किंचित नाकातला, फार लांबून येणारा, राग-लोभ काही नसलेला आणि अपील नसलेला आवाज. आप्पासाहेबांनी उमेदीच्या वर्षांत पुराच्या कित्येक रात्री मंत्रालयाची ट्रंक लागण्यासाठी याच आवाजापुढे कान लावून ताटकळत काढल्या होत्या. ते खाकरणं अर्धवट टाकून खाली बसले. खुर्चीवर नव्हे, होते तिथे व्यासपीठाच्या पायरीवर. पन्नाशीच्या पुढचे सगळे त्यांच्याबरोबर बसले. कारण विचारायचं कोणाला सुचलं नाही. तरुणांनी आईबापांना इतक्या चटकन काही ऐकताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तेही बसले.

सगळं पार्किंग होल्डवर होतं.

बाईंनी माउसवरचा हात उचलला, मांडीवर परत नेला आणि अर्धी राहिलेली वात पुरी केली.

त्यांनी ती ढिगावर ठेवली आणि तेवढ्यात सोलापूर आलं. आधी नुसतं सतरंजीखालून जाणवावं तसं, मग ऐकू यावं तसं. दिवा लागला. त्यावर सातारा आला, एकच स्वर घेऊन, आणि तो स्वर सोडेचना.

"धैवत," गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांचा आवाज नीट लागला नाही.

"कोणाचा?" शेजारच्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही. तेच तर."

बाई हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते कापसाने पुसत. कापूस गालाला चिकटला. बाळाने टोल्याच्या आधीच हसून घेतलं. आप्पासाहेब पायरीवरून उठले नाहीत. ऊन सतरंजीवर आलं तसे लोक फराळाच्या बशा घेऊन आले आणि तिथेच परत बसले. चकलीच्या कुरकुरीचा फार आवाज होतोय म्हणून एका आजोबांनी नातीला ती चहात बुडवून खायला सांगितली. शेवट नसल्यामुळे निघायचं कधी हे कोणाला कळेना. ज्यांना कामं होती ते चोरासारखे उठले.

ऊन चटके देऊ लागल्यावर स्पीकरवाल्याने आपले स्पीकर मागितले. ते त्याला दिले. बाईंनी लॅपटॉप मात्र तसाच उघडा, दोन्ही तळव्यांवर घेतला. ओवाळणीचं तबक न्यावं तशा त्या लिफ्टकडे निघाल्या. त्यातून सातारा बारीक आवाजात बोलत होता. मागून गोपाळकृष्ण चार्जरची वायर हातात धरून येत होते, आणि लिफ्टमध्ये उभी असलेली दोन माणसं त्यांना जागा व्हावी म्हणून बाहेर आली.

केजहून फोन आला. "काकू, कसं झालं?"

"अजून होतंय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे? वायर काढली न्हाई तुम्ही?"

"बोलतायत अजून ते. मध्ये कशी काढू?"

भाऊबीजेनंतर समितीचा अहवाल सूचनाफलकावर लागला. त्यात असं म्हटलं होतं, की सौ. खांबेटे यांचे देशकार रागातील वादन संपन्न झाले. वादनाच्या मध्यंतरात ध्वनियंत्रणेत किरकोळ व्यत्यय आला, परंतु तो तत्परतेने दूर करण्यात आला. अध्यक्षांनी उपस्थितांचे यथोचित आभार मानले व कार्यक्रम नियोजित वेळेत समाप्त झाला.

कार्यक्रम समाप्त झाला नव्हता. अहवाल लागला त्या सकाळीही तो खांबेट्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रीजवर, चालू होता.